लाल शाईतली नावं

चैत्राली ही माझ्या मावसबहिणीची, साधनाची, मुलगी. पुण्यात इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, वर कॉलेजात दोन वर्षं शिकवलेली. २०१३ साली ती सिंगापूरला आली ती टॅम्पिनीसमधल्या एका ट्यूशन सेंटरची नोकरी घेऊन, आणि राहिली आमच्याकडे. माझा नवरा निशिकांत जहाजावर इंजिनियर, त्यामुळे महिनोन्‌महिने फ्लॅटमध्ये मी एकटी. तिचा रोजचा वैताग ऐकायला हक्काचं माणूस म्हणजे मीच.

आणि वैतागाला तोटा नव्हता. सेंटरच्या मालकीणबाई मिसेस कोह यांनी पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं, की टीचर कुठल्या असं पालकांनी विचारलं तर नुसतं 'ओव्हरसीज' म्हणायचं. "ओव्हरसीज म्हणजे शिवाजीनगर," घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली होती. हसली मात्र नव्हती. वर्षभर तिला दुसऱ्यांच्या वर्गाची वर्कशीट्स तपासायला बसवलं. मग एक टीचर मध्येच सोडून गेल्या, तेव्हा कुठे सात वर्षांच्या मुलांचा एक वर्ग तिच्या वाट्याला आला, तोही चाचणीवर. चायनीज न्यू इयरनंतर मुलं टिकली तर वर्ग तिचा आणि पास, म्हणजे तिथं नोकरी करायचा परवानाही वाढणार. नाही टिकली तर पुण्याचा रस्ता.

ती शिकवायची छान, आणि हे मी भाचीचं कौतुक म्हणून सांगत नाही. मुलांना तिचं नाव उच्चारता येईना, म्हणून ती 'टीचर चाय' झाली. शिन यी नावाची एक मुलगी आधीच्या टीचरपुढे तोंड उघडत नसे. तीच आता मॉलमध्ये आम्ही दिसलो की आजीचा हात सोडून धावत यायची आणि दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायची. तेवढ्यावर चैत्राली अख्खा आठवडा खुशीत असायची.

न्यू इयर जवळ आलं, मॉल लालेलाल झाला. प्रत्येक मुलाला आपल्या हातानं कार्ड करून द्यावं, असं चैत्रालीच्या मनात आलं. सोनेरी कागद आणला, जाड टोकाचं लाल पेन आणलं. चिनी लोकांना लाल रंग शुभ, आपल्याकडे कुंकू शुभ, मग शंका यायचं कारणच काय? मलाही आली नाही. माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तिनं एकेका मुलाचं नाव इतक्या सुबक अक्षरात लिहिलं की कार्डं लग्नपत्रिकांसारखी दिसायला लागली.

सुट्टी संपली आणि शिन यीची आजी कार्ड घेऊन सेंटरवर हजर झाली. तेव्हा चैत्रालीला कळलं की पाकिटं लाल, कंदील लाल, पण जिवंत माणसाचं नाव जुनी चिनी माणसं लाल शाईत लिहीत नाहीत. ज्याच्याशी कायमचं तोडायचं त्याचं लिहितात, नाहीतर जो गेला त्याचं. मिसेस कोहनी आजीला आत नेलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी चैत्रालीला सांगितलं, पालक फार दुखावलेत, सोमवारपासून वर्ग गॅरेथ घेईल. गॅरेथ म्हणजे सेंटरवर नुकताच आलेला गोरा मुलगा. स्वभावानं बरा होता, पण लहान मुलांना त्यानं कधी शिकवलेलं नव्हतं. चैत्रालीला महिनाअखेरपर्यंत पुन्हा वर्कशीट्स, आणि तेव्हाच तिचा पास संपत होता.

घरी येऊन ती रडली नाही, भडकली. "माझं इंग्लिश कच्चं निघालं असतं तर गप्प बसले असते गं मावशी. शाईवरून घालवतात का कुणाला?"

मीही भडकले. निशिकांतला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, परक्या मुलखात असं चालायचंच. मी फोन ठेवून दिला. समुद्रात बसून बोलायला काय जातं.

मी असते तर त्या आजीचं तोंड पाहिलं नसतं. चैत्रालीला मात्र तिची माफी मागायची होती. नोकरीसाठी नाही, असं ती दहादा म्हणाली. पण आजीनं एक शब्द टाकला तर वर्ग परत मिळेल, ही आशा तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होती. आजी रविवारी सकाळी नातीला घेऊन आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये नाश्त्याला यायची. तिथल्या रिवाजाप्रमाणे संत्र्यांची जोडी घेऊन आम्ही दोघी गेलो.

आजीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून शिन यी दुभाषी झाली. चूक झाली, मला तुमची रीत माहीत नव्हती, असं चैत्रालीनं सांगितलं. आजीनं दोन्ही हातांनी संत्री घेतली आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. शिन यीनं तोंडातल्या नूडल्स गिळल्या.

"अह मा से ओके लाह. शी ओन्ली आस्क, टीचर कॅन राइट अगेन ऑर नॉट, ब्लॅक कलर."

म्हणजे आजीनं मागितलं होतं ते एवढंच. तेच नाव, काळ्या शाईत. मुलीला वर्गातून काढायची गोष्टही तिनं केलेली नव्हती.

"देन व्हाय गॅरेथ?" चैत्रालीनं हळूच विचारलं.

शिन यीनं खांदे उडवले. "बिफोर न्यू इयर बॉस ऑलरेडी टेल माय मम्मी. आंग मोह टीचर कमिंग."

आंग मोह म्हणजे गोरा. हे सगळं कार्डं वाटायच्या आधीच ठरलं होतं. शाईचं आयतं निमित्त सापडलं, इतकंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ताच्या आत्ता जाऊन त्या बाईला जाब विचार, असं मी चैत्रालीला मराठीत सांगत होते. तिचं लक्षच नव्हतं. तिनं पर्समधून काळं पेन काढलं, आजीनं पिशवीतून काढून दिलेलं कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शिन यीचं नाव लिहिलं, अगदी सावकाश. आजीनं ते लांब धरून पाहिलं आणि मान डोलावली.

"मंडे यू कम, टीचर चाय?" शिन यीनं विचारलं.

 चैत्रालीनं त्या पोरीची वेणी नीट केली आणि आम्ही उठलो.

सोमवारी तिनं मिसेस कोहना विचारलंच. त्यांनी नाकारलं नाही. पालकांना काय हवं ते बघावं लागतं, म्हणाल्या. महिनाअखेरीला मी चैत्रालीला चांगी विमानतळावर सोडून आले.

लाल पेन माझ्या फ्रिजवर राहून गेलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी एका दुपारी विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून त्यावर मी मिसेस कोहचं नाव लिहिलं, पूर्ण, लाल शाईत. चैत्रालीसारखं सुबक नाही आलं, पण वाचता येत होतं.