सरजाबाईचा कौल

अपरिग्रह हे व्रत आपण बहुधा धनधान्याच्या संदर्भात ऐकतो. नको ते घेऊ नये, इतका त्याचा रूढ अर्थ. परंतु जे प्राणाहून प्रिय आहे, हाताच्या अंतरावर आहे आणि घेतले तर कोणाची हरकतही नाही, ते ‘माझे’ म्हणून न घेणे हे या व्रताचे फार दुष्कर रूप होय. विवाहाला आपले पूर्वज दारपरिग्रह म्हणत. चांगुणाबाई तो परिग्रह वीस वर्षे टाळीत राहिली. तिने व्रत हा शब्दही कधी उच्चारला नसेल.

येलदरीच्या जलाशयाकाठी, बुडालेल्या गावातून उठून आलेल्या लोकांची ती वस्ती. तेथील शाळेत मी शिक्षक होतो. १९८१ च्या माघात शिरगणतीचे काम माझ्याकडे आले. एकशे बारा घरे. त्यांपैकी पाच घरांत स्त्रीपुरुष लग्नाविना एकत्र नांदत होते. लग्नाच्या घरांत स्त्री पंधराव्या-सोळाव्या वर्षी आलेली, पुरुष आठ-दहा वर्षांनी वडील, मुले चार-पाच आणि सासूसासरे त्याच चुलीवर, असे दिसे. या पाच घरांत पस्तिशीच्या आतली स्त्री नव्हती. वयांत अंतर थोडे. एका घरी तर तीच मोठी होती. मूल एकाच घरात, तेही तिने पहिल्या घरातून आणलेले. पाचही स्त्रिया स्वतः मिळवीत होत्या. आणि दहापैकी नऊ जणांचे पूर्वी एकदा तरी लग्न झालेले होते. ही माणसे विवाहाला अपरिचित नव्हती. त्यातून पोळून निघालेली होती.

वस्तीच्या टोकाला लिंबाजीचे घर. तो जाळे दुरुस्त करीत होता. चांगुणाबाई जिंतूरच्या बाजारासाठी मासळीची पाटी भरीत होती.

“ही तुमची कोण?” मी कागदावरचा प्रश्न वाचला.

लिंबाजी हसला. “तेच तर आमी अकरा साल इचारायलोत, गुरुजी. सरजा हो म्हनंना.”

शेजारची नर्मदाबाई कुडापलीकडून म्हणाली, “ल्ह्या की बिनलग्नाची! पर त्याला ताप आला का घाम हिला फुटतोय.”

“तुमी तुमच्या धन्याचा घाम पुसा आधी, वयनी,” चांगुणाबाईने पाटी झाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “माझ्याम्होरं विधवा ल्ह्या. त्याच्याम्होरं बिनबायकूचा. हाय ते हाय.”

सरजाबाई ही लिंबाजीची पहिली बायको. जुन्या गावात पाणी शिरले त्याच साली ती बाळंतपणात गेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे बोटभर पत्र्यावर उठवलेली मूर्ती, कोनाड्यात उभा असे. दुसरेपणावर येणारीने सवतीचा टाक गळ्यात घालावा, ही रीत सर्वत्र आहे. या वस्तीत त्याआधी मृतेची अनुमती घेत. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला टाकाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवीत. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सरजाबाईच्या टाकावरून अकरा वर्षांत एकही पाकळी पडली नव्हती. दिवस मावळेपर्यंत दोन्ही तशाच राहत. नकारही नाही.

त्या भाद्रपदात त्यांनी मला जेवायला बोलावले. चांगुणाबाईने टाकाला गुळाच्या दाट पाण्याने न्हाऊ घातले. सरजाला गोड आवडे, असे ती म्हणाली. लिंबाजीने टाक धोतराच्या सोग्यात धरून कोनाड्यात नेला आणि पाकळ्या लावल्या. आम्ही थांबलो. वारा होता, दिव्याची ज्योत आडवी होत होती. पाकळ्या मात्र हलल्या नाहीत.

अंगणात चांगुणाबाई हळूच म्हणाली, “गुरुजी, गूळ तुमच्या ध्यानात आला. बोलू नका.”

मी कारण विचारले.

“माझा पैला नवरा हळद निघायच्या आत नागाचं पान लागून मेला. मोहतूर लावला, तर दुसरा तिसऱ्या हप्त्यात हिरीत दबला. ह्याला मी नवरा केला न्हाई, म्हनून ह्यो हाय. राहू द्या.”

मी विद्येच्या थोड्याशा अभिमानाने मनात म्हणालो, गूढ उकलले.

पुढली नऊ वर्षे मी ते गुपित राखले. १९९० च्या अविधवा नवमीला जिंतूरचा बाजार होता. ती परतेपर्यंत लिंबाजीला धीर धरवला नाही. दुपारी मी शाळेतून येत होतो, तर तो दारात उभा आणि नर्मदाबाई पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकलेली. त्याने स्वतःच टाक न्हाऊ घालून पाकळ्या लावल्या होत्या, आणि बोट काढण्याआधीच उजवी गळून पडली होती.

चांगुणाबाई रिकामी पाटी घेऊन आली. तिने कोनाड्याकडे पाहिले आणि पडलेली पाकळी उचलली.

“आज गूळ न्हवता,” ती म्हणाली. “म्हनून पडली. वीस साल म्या चिकटवून ठेवलंय, ऐकायलास का? म्याच!”

लिंबाजी तिच्याकडे दयेने पाहत राहिला. “येडे, गूळ मला पैल्या सालापासून ठावा हाय. कोनाड्यात ठिवायच्या आदी दर साली सोग्यानं पुसून काढायलो. कोरडा करायलो. तरी पाकळी पडंना.”

ते धोतर, तो सोगा मी डोळ्यांनी पाहिला होता. ज्या राखणीचा भार चांगुणाबाई एकटीचा समजत होती, तो कोनाड्यातून दुसरीही कोणी वाहत होती, आणि आज तिने हात सोडला होता.

“सरजानं दिलंय म्हंजी मागितलंय बी,” ती पुटपुटली.

“दे की मग,” लिंबाजी म्हणाला. “साठी झाली. तुला बायकू म्हनून एकदा तर हाक मारू दे.”

तिने पुन्हा नाही म्हटले नाही. पितृपक्ष सरला, आश्विनाच्या वद्य पक्षात, रीतीप्रमाणे गावाबाहेर, मोहतूर, म्हणजे विधवेचा पाट, लागला. तिने टाक गळ्यात घातला. नर्मदाबाई सांगे, त्या दिवसांत ती वाढायची ती तीन ताटे, आणि घरातून दोन बायकांचे बोलणे ऐकू येई.

दहाव्या दिवशी लख्ख दुपारी लिंबाजीची होडी कोणी न वल्हवता काठाला लागली. तो आत कुशीवर निजल्यासारखा होता. अंगावर जखम नव्हती. होडीतले जाळे घडी घातलेले आणि कोरडे होते. टाक तिने त्याच्याबरोबर चितेवर ठेवला.

पुढच्या शिरगणतीला मी त्याच दारात गेलो आणि पूर्वीचाच शब्द लिहिला: विधवा. दोन गणनांच्या मधले नऊ दिवस कोणत्याही रकान्यात बसले नाहीत.

चांगुणाबाई १९९३ च्या उन्हाळ्यात वारली. मूलबाळ नव्हते. तिच्या मागे दोन लुगडी, एक शेळी आणि मासळीचा तराजू राहिला. शेळी नर्मदाबाईने नेली.