दाजींची काठी आणि आक्काचा ओटा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात एकदाही चुकलेले नाहीत. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात. आणि पळसदेवपासून भिगवणपर्यंत त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांनी ते केव्हाच मान्य करून टाकले आहे, कारण दाजींशी वाद घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा रानात टोमॅटो तोडणीला आलेल्या माणसाकडे नसतो. दाजी सहा फुटांच्या वर उंच. पांढऱ्या मिशा, पांढरी टोपी आणि हातात वडिलांची काठी. वडिलांच्या काळापर्यंत हे घराणे मेंढरांमागे फिरत होते. पुढे धरणाचे पाणी शिवाराला लागले, मेंढरे गेली, ढोबळी मिरची आणि कलिंगडे आली, काठी मात्र राहिली. हाकायला काही उरले नाही म्हणून दाजींनी ती मोजायला घेतली. सरी काठीने मोजायची, विहिरीचे पाणी काठीने, सुट्टीला आलेल्या नातवाची उंचीही काठीने. टेपला ते तुच्छतेने ‘फीत’ म्हणतात. “फीत काय, ताणल तशी ताणती,” असे त्यांचे मत आहे.

एकदा त्यांनी इंदापूरहून दिवाण आणला. आणण्यापूर्वी दाराची रुंदी अर्थातच काठीने घेतली होती. दिवाण दारात आला आणि निम्मा आत, निम्मा बाहेर असा जो अडकला, तो दिवस मावळेपर्यंत तसाच राहिला. घरातली माणसे मागच्या दाराने ये-जा करत होती आणि पाहुण्यांना चहा दिवाणावरून दिला जात होता. शेवटी दाजींनी निकाल दिला, “काठी चुकत न्हाय. वस्तू चुकती. पावसाळ्यात लाकूड फुगतंय.” दिवाण लोखंडी होता. पण हे त्यांना सांगणार कोण? तो दिवाण आजही पडवीतच आहे आणि तो मुळात वाऱ्यासाठी पडवीतच ठेवायचा होता, असे दाजी आता सांगतात.

काठीखालोखाल त्यांचा विश्वास बोटाच्या पेरावर. कलिंगड वाजवून घ्यायचे असते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दाजी जगातली प्रत्येक वस्तू वाजवून घेतात. माठ वाजवतात, दार वाजवतात, नवा ट्रॅक्टर घेताना त्यांनी तो चारी बाजूंनी वाजवला होता. मुलीचे स्थळ बघायला गेलो तेव्हा कांदेपोहे येईपर्यंत त्यांनी व्याह्यांच्या घराच्या भिंती वाजवून बघितल्या आणि जाताना जावयाच्या पाठीवर मायेने थाप मारली. ती थाप मायेचीच आहे अशी त्या मुलाची अजूनही समजूत आहे. बाहेर पडल्यावर दाजी मला हळूच म्हणाले होते की भिंती पोकळ आहेत, पण पोरगा भरीव आहे.

अशा माणसाच्या घरी स्वयंपाकाचा नवा ओटा बसवायचे ठरले.

जुना ओटा दाजींच्या आईने स्वतः उभे राहून बांधून घेतलेला, कडप्प्याचा. त्या घरातली सगळीच माणसे माडासारखी. सासूबाई उंच, थोरली नणंद उंच, आणि त्यांच्यात आमची आक्का लग्न होऊन आली ती जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारी. ओटा तिच्या छातीशी यायचा. तिने तक्रार केली नाही. देवघरातला एक जुना पाट आणून ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभी राहून संसार केला. भाकरी करायची तर पाटावर चढायचे, डबा काढायचा तर उतरायचे, दूध उतू चालले की परत चढायचे. उभ्या आयुष्यात ती त्या पाटावरून जेवढी चढली-उतरली असेल, तेवढ्यात जेजुरीचा गड कितीदा झाला असता देव जाणे. सासूबाई गेल्या, मुले पुण्याला गेली, आणि एके दिवशी आक्काच्या गुडघ्यांनी साफ सांगितले की आता बास. डॉक्टरांनीही चढउतार बंद करायला सांगितली. नेमका त्याच सुमारास कडप्पा मधोमध तडकला, आणि मला मनातून फार बरे वाटले.

दगड घ्यायला ते दोघे बारामतीला माझ्याकडे आले. भिगवण रस्त्याला दगडाची दुकाने आहेत. उघड्या आवारात लोखंडी घोड्यांना टेकवून ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या लाद्या उभ्या केलेल्या असतात. दुकानदार मूळचा राजस्थानचा, पण जन्म बारामतीतला, त्यामुळे माझ्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलत होता. त्याने गॅलक्सी दाखवला, जेट ब्लॅक दाखवला. दाजींनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि पहिल्या लादीला कान लावून पेराने वाजवली. “ह्यो मुका हाय,” म्हणाले. दुसरी “बोलतीय, पर खोटं बोलतीय.” दुकानदार हसला. त्याला वाटले, म्हातारा गमतीचा आहे. मग दाजींनी पिशवी उघडली. तीतून लिंबू, हळदीची पुडी, शेंगदाणा तेलाची बाटली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा असे साहित्य निघाले, तेव्हा तो हसायचा थांबला.

दाजींनी हमालांना लाद्या आडव्या करायला लावल्या. एकेका लादीवर हळद चोळली, लिंबू पिळले, तेल ओतले आणि डाग मुरतो का ते कळेपर्यंत शेजारच्या लादीवर दुकानातल्या माठातले पाणी घेऊन पीठ मळायला बसले. “दगडानं पीठ धरून ठिवलं तर त्यो दगड घरात नगं,” असे ते जमलेल्या मंडळींना समजावून सांगत होते. मंडळी खरोखरच जमली होती. एक नवरा-बायको नवीन घरासाठी दगड बघायला आले होते. त्यांना दाजी दुकानाचे मालक वाटले. दाजींनी त्यांचाही दगड वाजवून दिला, इतकेच नव्हे तर तो त्यांच्या गळ्यात बांधला. आम्हाला मघाशी बंद झालेला चहा त्यानंतर पुन्हा सुरू झाला. दुकानदाराने माझ्याकडे चौकशी केली की काका रविवारी मोकळे असतात का.

आक्का बिचारी गुडघे धरून खुर्चीवर बसली होती. दाजींनी तिला एकदाच विचारले, कसला दगड घ्यायचा. ती म्हणाली, “दगड कसला बी घ्या. मला तेवढं त्या पाटावरनं खाली उतरवा.”

दाजींनी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि पुढची लादी वाजवली. मला इतका राग आला की त्यांची टोपी मी त्यांना न देता लादीवर ठेवून दिली. त्या लादीवर तेल होते.

खरी अडचण मला पळसदेवला त्यांच्या घरी गेल्यावर कळली. दाजींच्या थोरल्या बहिणीला बावड्याला दिलेले आहे. आक्का त्यांना वन्सं म्हणते, आणि निव्वळ भीतीपोटी मीही तसेच म्हणतो. ओटा पाडणार हे कळताच वन्सं बावड्याहून येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की दगड बदला, फरशी बदला, पण आईच्या ओट्याची उंची बदलायची नाही; कालच्या बायका आल्या म्हणून घर काही बसके करायचे नसते. कालची बायको म्हणजे आमची आक्का, जिला आता नातू आहेत. जगात दाजी कुणाला भीत असतील तर या बहिणीला. त्यांनी भाऊबंदांसमोर काठी जुन्या ओट्याला लावली, विळ्याने तिच्यावर खाच पाडली आणि म्हणाले, “बाई, हितं खाच हाय. ओटा ह्या खाचंला येईल. माझा शबूद हाय.” वन्संचे समाधान झाले. आक्का आत चहा टाकायला गेली. पाटावर चढली असणार.

मिस्त्रीचे काम सुरू झाले त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलो. दाजींना एकट्याला गाठून दोन शब्द सुनवावेत असा बेत होता. जुना ओटा गड्यांनी आधीच फोडला होता, सिंकच्या पाइपासाठी भिंतीच्या कडेने चारी खणून ती पुन्हा भुसभुशीत मातीने बुजवली होती. मिस्त्री टेप काढणार तेवढ्यात दाजी काठी घेऊन पुढे झाले आणि ती नेमकी त्या बुजवलेल्या चारीत उभी केली. बघता बघता काठी मातीत गेली. मी म्हणालो, “दाजी, काठी रुततीय.”

आरती चालू असताना मध्येच कुणी जेवणाचे विचारावे, तसे त्यांनी माझ्याकडे बघितले. मग दोन्ही हात काठीच्या टोकावर ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. काठी आणखी खाली गेली. मिस्त्री हळूच म्हणाला की आबा, फरशीच्या पातळीपासून माप घ्यायला पाहिजे. दाजी म्हणाले, “तुमी गवंडी का मी गवंडी?” खरे उत्तर देण्यात अर्थ नव्हता. “खाचंवर खूण करा,” दाजींनी हुकूम सोडला, आणि मिस्त्रीने निमूटपणे भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. मी कपाळाला हात लावला. आता हा ओटा ना आईच्या मापाचा होणार, ना कुणाच्या. आयुष्यभर वस्तू चुकवणाऱ्या या माणसाने शेवटी माझ्या बहिणीचे स्वयंपाकघरही चुकवले, असे मनात म्हणत मी बारामतीला परत आलो आणि घरी बायकोला त्यांची यथेच्छ निंदा ऐकवली.

ओटा झाला. काळाभोर, कडा गोल केलेल्या, हात फिरवावासा वाटणारा. पूजेला भाऊबंद जमले, वन्सं बावड्याहून आल्या. दूध उतू घालवायचा मान त्यांचा. त्या शेगडीपुढे उभ्या राहिल्या, पातेल्याला हात लावायला वाकल्या, आणखी वाकल्या, आणि तशाच वाकलेल्या राहून त्यांनी मान वर करून भावाकडे बघितले. “तात्या, ह्यो ओटा खाली कसा आला?”

सगळ्यांच्या नजरा काठीवर. मला वाटले, आता दगड थंडीने आकसला असे काहीतरी ऐकायला मिळणार. शेजारच्या काकांनी तर हसू दाबायला तोंडाला उपरणे लावून तयारी ठेवली होती. दाजींनी काठी हातात घेतली, वरून खाली बघितली, खाचेवरून अंगठा फिरवला आणि घसा खाकरला.

“बाई,” ते म्हणाले, “काठी चुकली.”

कुणी हसले नाही. हसण्याच्या पलीकडची गोष्ट झाली होती. मिस्त्री मात्र उत्साहाने म्हणाला की ओटा फोडून परत उचलता येईल. त्यावर दाजींनी त्याला अशा आवाजात गप्प केले की तो आपले साहित्य गोळा करू लागला. बसलेला दगड उपटायचा नसतो, उपटला तर घराला बरे नसते, असा एक नियम त्यांनी जागच्या जागी काढला. वन्संनी सगळ्यांसमक्ष जे बोलायचे ते बोलून घेतले, आईचे नाव काढून डोळ्याला पदर लावला, आणि दूध आक्काला उतू घालवायला सांगून त्या पडवीत दिवाणावर जाऊन बसल्या. आक्का जमिनीवर, सपाट जमिनीवर, दोन्ही पाय टेकून उभी राहिली. ओटा तिच्या कोपराच्या जरासा खाली आला. दूध उतू गेले.

मंडळी पांगल्यावर मी तिला म्हणालो की नशीब म्हणायचे, दाजी चुकले ते तुझ्या पथ्यावर पडले. ती भांडी विसळत होती. विसळता विसळता म्हणाली, “चुकतात कशाचे. मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी मला म्हणले, भिंतीला टेकून हुबी ऱ्हा. मी म्हणलं, कशाला? तर म्हणले, तू खुजी झालीस का काय ते बघतो. काठी लावली, कोपर धरलं, त्याच्या वर खाच किती ऱ्हाती ती बोटं मोजली. मग गेले चारी बुजवायला. गड्याला म्हणत हुते, माती चोपू नगंस.”

एवढे बोलून तिने मला ताटली पुसायला दिली. मी ती बराच वेळ पुसत राहिलो.

आता गावात दाजींची काय दशा आहे ते विचारू नका. पारावर कुणी काही मोजायला काढले की हमखास कुणीतरी म्हणतो, तात्यांना बोलवा, पर काठी घरी ठिवायला सांगा. भिगवणला मासळी घ्यायला गेले तर मासळीवालीही विचारते की काठी बरी आहे का. शब्द न शब्द परतवणारा हा माणूस नुसता मिशीत हसतो. बहिणीला दिलेला शब्द मोडला असे म्हणवून घेण्यापेक्षा आणि बायकोचे कोपर मोजले हे चारचौघांत कळण्यापेक्षा त्यांना काठी चुकलेली परवडली. मला त्यांचे फार कौतुक वाटते, आणि मी ते त्यांना कधीच सांगू शकणार नाही, कारण ते ऐकून दाजी माझी पाठ वाजवून बघतील.

परवा पळसदेवला गेलो होतो. पाट आता पडवीत आला आहे. दाजी त्यावर बसून लसूण सोलत होते. तिथून स्वयंपाकघर थेट दिसते. आक्का भाकरी टाकायला ओट्याशी गेली आणि जवळ पोचताच, काही नसताना, तिने पाय वर उचलला. नसलेल्या पाटावर चढायला. मग तिच्या ध्यानात आले आणि पाय पुन्हा जमिनीवर आला.

“अजून उचलतीया,” दाजी खालच्या आवाजात मला म्हणाले. “रोज उचलती. लई उशीर केला, पाव्हणं.”

त्यांच्या पुढ्यातल्या लसणाच्या चार पाकळ्या घेतल्या आणि मीही सोलायला बसलो.