खारीचं पथ्य

पांडुरंगरावांना बाळाचार्य कितीसे माहीत होते? मळमड्डीच्या वस्तीत सकाळी दोघे बरोबर फिरत, एवढंच. आचार्यांचं मूळ गाव कोणतं, हेसुद्धा विचारायचं त्यांना कधी धाडस झालं नाही.

आचार्य शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि त्यांनी त्याच दिवशी तूप सोडलं. त्यांच्या घरात भातावर तुपाची अन्नशुद्धी पडल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. आता आचार्य कोरड्या भाताकडे रुसलेल्या व्याह्याकडे पाहावं तसे पाहत बसत. उन्हाळ्यात नातवाची मुंज होती. त्या पंक्तीत तरी अन्नशुद्धी घेऊन बसायचं, तर आधी रक्त सुधारायला हवं होतं.

फिरून झालं की बेकरीत चहा आणि खारी. एक खाल्ली की तिच्या सोबतीला दुसरी.

"कोरडी ठणठणीत," आचार्य म्हणत. "बोटाला ओशट लागतंय का बघा. पथ्याला हिच्यासारखं काही नाही."

पांडुरंगरावांना ते पटे. संस्कृतच्या मास्तरांशी वाद कोण घालणार?

पुढची तपासणी आणखी वाईट आली. सविता डॉक्टर चक्रावल्या. "आचार्रे," त्या कानडी धाटणीनं म्हणाल्या, "तूप नाही, तळलेलं नाही. मग वाढतंय कशानं?"

"खारी," पांडुरंगरावांच्या तोंडून निघून गेलं.

आचार्य सावकाश त्यांच्याकडे वळले. "साक्षीदार मीच घेऊन आलो."

डॉक्टर हसल्या. "अहो, खारीला पापुद्रे सुटतात ते वनस्पती तूप नाहीतर मार्गारीन घालून लाटल्यामुळे. त्यात ट्रान्स फॅट असली तर ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, वर चांगलं कमी करते."

"म्हणजे तूप निर्दोष?"

"जामिनावर आहे. जेवताना एक लहान चमचा, त्यापुढे गेलं की पुन्हा आत. भाजीला शेंगदाण्याचं नाहीतर करडईचं तेल, तेही बेतानं. आणि जवसाची चटणी खात जा."

"ती पद्मा रोज वाढते," आचार्य पुटपुटले. "बायको पथ्यात तेलबिया खायला घालते म्हणून मीच बाजूला सारत होतो."

खारी सुटली. बेकरीवरून जाताना आचार्य मान वळवून समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचत. मुंजीआधीच्या तपासणीत आकडा उतरला.

मुंजीनंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि ते तिकडचेच झाले. पांडुरंगरावांना फोनवर बोलायला जमत नाही. त्यामुळे शेवटचं बोलणं राहिलं ते पंक्तीतलं. वाढप्यानं आचार्यांच्या भातावर चमचाभर तूप घातलं, दुसरा चमचा पुढे केला. आचार्यांनी पानावर हात आडवा धरला आणि शेजारी पाहिलं.

"पांडुरंगराव, तुमचं तूप आलं?"

"आलं."

"मग बसलात काय? करा सुरुवात. भात निवतोय."