मी बुजवलेलं भोक

आमचे हे, हरिश्चंद्र, मुंबईत गिरणीत पाइपफिटर होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि त्र्याऐंशीच्या शिमग्याला हे पूर्णगडला परत आले. आले ते तोंडाला कुलूप लावून. वर्षभर 'जेवायला वाढ' याखेरीज शब्द नाही. मी मेली एकटीच बडबडत असायची.

मग एक दिवस ह्यांनी किनाऱ्यावरच्या खडपातून एक दगड आणला. त्याला समुद्रफूल चिकटलेलं, म्हणजे फुलासारखा दिसणारा जीव, बोट लावलं की मिटणारा. त्याच्यासाठी ओटीवर काचेची टाकी बसली, खाली पिंप, आणि मुंबईहून मागवलेला कूलरचा पंप. पंपाने पिंपातलं खारं पाणी नळीतून टाकीच्या तळापर्यंत सोडायचं, आणि जास्तीचं पाणी परत पिंपात उतरायचं. ते उतरायचं भोक कुठे पाडायचं यावर आठ दिवस विचार चालला. तळाला पाडलं तर टाकी रिकामी व्हायची धास्ती. शेवटी वरच्या काठाशी पाडलं. आणि काय सांगू, हे बोलायला लागले! येईल त्याला ओटीवर बसवून सांगायचे, काठावरचं तेवढंच जाईल, टाकी कधी रिती व्हायची नाही. माझी जाऊ गोदा म्हणाली, दाराशी समुद्र आहे तो पुरत नाही काय? मी म्हटलं, गप गो, माणूस बोलतोय ना.

वैशाखात मला दिसलं, पंपाच्या चढत्या नळीला पाण्याच्या जरा वर बारीक भोक आहे. त्यातून चिळकांडी उडून माझी भिंत मिठाने पांढरी झालेली. माझं डोकंच फिरलं. एवढा मोठा फिटर आणि घरची गळती दिसत नाही! त्या दिवशी फणस फोडला होता. गळक्या कळशीला लावतो तसा बोटभर चीक घेतला आणि भोक बुजवून टाकलं. ह्यांना सांगितलंही नाही, मनातच खूश.

दुपारी लाईट गेली. आम्ही दोघं परसात कोकमं फोडत बसलो होतो. तासाभराने ओटीवर आलो आणि बघते तर काय. पिंप भरून वाहिलेलं, सारवलेल्या जमिनीचा चिखल, आणि टाकी रिकामी. समुद्रफुलाचा दगडावर लिबलिबीत गोळा झालेला. मला कळेचना. काठाखालचं पाणी जातच नाही असं ह्यांनीच शंभरदा सांगितलेलं. मग गेलं कुठून?

हे नळीवरून बोट फिरवत गेले आणि चिकापाशी थांबले. ते भोक मुद्दाम पाडलेलं, हे म्हणाले. पंप बंद पडला की तिथून हवा शिरायची आणि नळी टाकीतलं पाणी पिंपात उलटं ओढायची थांबायची. मी हवेची वाट बंद केली, नळीने सगळी टाकी खाली ओढून घेतली.

"मी बुजवलं," मी म्हटलं.

हे उठून आत निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुन्हा तेच कुलूप, आणि या वेळी लावणारी मी. कळशी उचलली आणि किनारा गाठला. भर उन्हात चार खेपा केल्या. गोदा कुंपणावरून काहीतरी म्हणाली, मी वळूनही बघितलं नाही.

चौथी कळशी ओतली तेव्हा हे चुलीपाशी दाभण तापवत होते. लाल झालेलं दाभण पकडीत धरून माझ्यापुढे केलं.

"सगळ्या गावाला टाकी समजावली, या भोकाचं तुला सांगायचं राहिलं. हे भोक तू पाड."

चिकाच्याच जागी भोक नीट पडलं. ते समुद्रफूल काही पुन्हा उघडलं नाही. दुसरं शोधायला ओहोटीला आम्ही दोघं गेलो, आणि वाटभर हे बोलत होते, मी ऐकत होते.