मासळीवाल्याच्या फ्रीझरमधले टायर

१२ सप्टेंबर २०१४. एक लाख शहाऐंशी हजार चारशे सिंगापूर डॉलर. मंगोलियातल्या एका खाणीला जाणाऱ्या बारा ट्रकांचे डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्हीकडच्या चाकांना कमीजास्त वेगाने फिरू देणारे गिअर, आणि टायर एवढ्या रकमेत बसवायचे होते. सिंगापुरात तोआ पायोहच्या ऑफिसात निशिकांत ती रक्कम दुपारपासून मांडत होता. कशीही मांडली तरी ती तोकडीच पडत होती.

निशिकांत एकोणसाठ वर्षांचा. पुण्याहून बी.कॉम. होऊन आला आणि खरेदी खात्यात मुरला. बर्फ त्याने सरबतातच पाहिला होता. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, मार्चमध्ये संपत होता आणि मुलगी गार्गी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. गेल्या हिवाळ्यात खाणीचा एक ट्रक वळणावर आडवा झाला होता. यंदा पुन्हा तसं झालं तर खाण हातची जाणार आणि कंपनी त्याच्या पाससाठी अर्ज करणार नाही. हे कुणी बोललं नव्हतं, पण त्याला कळत होतं.

त्याचा साहेब उल्हास वीस वर्षांनी लहान. टेबलाच्या कडेवर टेकून तो म्हणाला, "काका, मागच्या दोन्ही ॲक्सलच्या डिफरन्शियलना लॉक लावा. दोन्हीकडची चाकं जोडीने फिरली की ट्रक रुततो कशाला? आणि टायर गोदामातलेच द्या, बारमाही. वर्षअखेरीला ते संपायला हवेत."

"चाकं फिरतील हो. पण थंडीत रबरच दगड झालं तर ती नुसती फिरत बसतील. त्यात वळणावर लॉक चालू राहिला की मागची बाजू घसरलीच."

"इथे बसून तुम्हाला बर्फाची काळजी! सिंगापुरात पाय घसरतो तो फक्त मासळीबाजारात."

उल्हास हसला. निशिकांतला हसायचाही कंटाळा आला होता.

पुरवठादाराने नमुने पाठवले होते, एक बारमाही टायरचा तुकडा आणि एक हिवाळी टायरचा. ते घेऊन तो घरी आला आणि फ्रीझर उघडला.

"खबरदार!" त्याची बायको वीणा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथे माझा खवलेला नारळ आहे. ऑफिसचं रबर ऑफिसात ठेवा."

मग मासळीबाजारच उरला. तिथल्या लिम अंकलकडून वीणा दर रविवारी पापलेट घेई. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि सिंगापुरी ढंगात विचारलं.

"सूप करणार का, लाह?"

"गार करून बघायचंय. उद्या सकाळपर्यंत."

अंकलनी तुकडे कोळंबीखाली सारले. भाडं नको म्हणाले, कॉफी पाज म्हणाले. निशिकांतकडे पन्नासची नोट होती, कॉफीच्या स्टॉलवाल्याकडे सुटे नव्हते. अखेर दोन्ही कॉफ्यांचे पैसे अंकलनीच दिले.

सकाळी त्याने तुकडे हातात घेतले. बारमाही तुकडा करवंटीसारखा ताठ झाला होता, टेबलावर टाकला तर टक्‌ वाजला. हिवाळी तुकडा अंगठ्याने दाबला तर अजून दबत होता. खाणीवर तर याहून कडक थंडी.

बर्फाच्या पिशवीत गुंडाळून त्याने ते तसेच उल्हासच्या टेबलावर ठेवले. उल्हासने दोन्ही दाबून पाहिले. मग बोटं हुंगली.

"कोळंबी?"

"हो. लॉक एकाच ॲक्सलला लावू. बटण ड्रायव्हरच्या हाताशी, रुतला तरच दाबायचं, वळणावर बंद. वाचलेल्या पैशात सगळ्या चाकांना हिवाळी टायर बसतात."

"आणि गोदामातले?"

"ते इथे विका. इथे ऊनच ऊन आहे."

"काही झालं तर सही तुमची आहे, काका."

"माझीच असते," निशिकांत म्हणाला आणि सही केली.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फोन वाजला की तो आधी नंबर पाही. खाणीवरून तक्रार आली नाही. शाबासकीही आली नाही. फेब्रुवारीअखेर पास वाढवून मिळाला.

"किती वर्षं?" वीणाने विचारलं.

"एक."

"एकच?"

"गार्गीचं शिक्षण होईल तेवढ्यात." तो बूट न काढताच सोफ्यावर बसला.

त्या रविवारी तो सुटे पैसे घेऊन बाजारात गेला. लिम अंकलचा गाळा बंद होता. शेजारची बाई म्हणाली, अंकलनी धंदा सोडला, मुलाकडे राहायला गेले. कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं.

दोन कॉफ्यांचे दोन डॉलर वीस सेंट द्यायचे राहिले आहेत.