खुर्चीतलं सामान

धाकट्यानं दादाच्या कमरेभोवती पट्टा फिरवला, खुर्चीच्या पाठीमागे आवळून बांधला, आणि दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पट्टा दादाचाच होता. रुंद, जाड विणीचा, घामानं काळा पडलेला. दोघा भावांचा धंदा घरसामान हलवण्याचा. कपाटं, फ्रीज, लोखंडी पलंग, जे कुणाला हलत नाही ते हे दोघं जिन्यावरून चढवायचे आणि उतरवायचे. अर्धं आयुष्य दादानं या पट्ट्यात लोकांचं सामान बांधलं. आज त्याच पट्ट्यात त्याला बांधून तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं चाललं होतं.

"सैल बांध," दादा म्हणाला.

"घसरलास तर?" धाकटा म्हणाला. त्याच्यापुरता विषय संपला.

दादाचं हृदयाचं ऑपरेशन होऊन बरेच महिने लोटले होते. तेव्हापासून घरात एकच पालुपद, बसा. पाण्यासाठी उठला की बायको म्हणायची, "बसा हो, मी देते." खिडकीशी गेला की, "बसा, वारा लागेल." प्रेमानं म्हणायची, हे दादाला कळत होतं आणि म्हणूनच जास्त चीड यायची. दुष्टपणानं छळणाऱ्याला निदान चार शिव्या तरी देता येतात. त्याच्या पोटऱ्यांच्या काड्या झाल्या होत्या. रात्री छताकडे बघत पडायचा आणि दिवसा ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जायचा. म्हणजे नुसत्या तोंडानं. पायांनी धावायची परवानगी कुठे होती? आणि आता हे लोक तळमजल्यावर गोदामामागची खोली साफ करत होते, दादाला तिथे कायमचं हलवायला. जिन्याची भानगडच नको म्हणे. त्या खोलीत गेलो की संपलो, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. सामानाला कोण विचारतं?

खुर्ची उचलली. धाकटा खालच्या बाजूला, उलट्या पावलांनी उतरत होता. वरच्या बाजूला त्याचा नवा जोडीदार, पूर्वी जिथे दादा असायचा. या धंद्यात खालच्यावर वजन असतं आणि त्याला समोरच्या सामानाशिवाय काही दिसत नाही. म्हणून वरच्यानं बोलत राहायचं असतं. पायरी, कठडा, वळण, सगळं सांगायचं. हा नवा मात्र मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. पहिल्याच वळणावर धाकट्याचा खांदा भिंतीला घासला.

"वळण," शेवटी दादाच ओरडला. "डावा खांदा आत घे. अजून. हां, आता पायरी."

"बोलणारं सामान पहिल्यांदाच बघतोय," नवा जोडीदार म्हणाला.

धाकटा हसला. नव्याचं दादाला काही वाटलं नाही, मूर्ख माणूस. पण धाकट्याचं ते हसणं त्याच्या काळजात जाऊन बसलं.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दादाला लांबलचक व्हरांड्यात चालवलं. मग आतल्या जिन्यावर चढवलं, उतरवलं, नाडी बघितली. दादा धापा टाकत होता, पण चेहऱ्यावर रंग आला होता.

"घरी किती चालणं होतं?" बाईंनी विचारलं.

"छे, अजिबात नाही," धाकट्यानं फुशारकीनं सांगितलं. "पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो आम्ही."

"मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं?"

धाकटा जमिनीकडे बघायला लागला. दादानं झटकन मान वळवली. मागच्या वेळी बाईंनी काही सांगितलं होतं? हे तर त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"रोज चालवा म्हणून सांगितलं होतं," बाई आता सरळ दादाशी बोलायला लागल्या. "हृदय म्हणजे स्नायूच. त्याला काम नाही दिलं तर तेही पायांसारखंच रोडावतं. झोप लागते का?"

"नाही."

"मन कशात लागतं?"

"चिडण्यात."

बाई हसल्या नाहीत. "झोप उडणं, उदास वाटणं, चिडचिड, यातलं बरंचसं या बसून राहण्यातनं आलंय. वजन अजून उचलायचं नाही. पण रोज चाला, जिना चढा. बोलता येईल एवढ्याच वेगानं. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच बसायचं आणि आम्हाला कळवायचं."

परत आले तेव्हा घराच्या जिन्याखाली नवा जोडीदार खुर्ची आणि पट्टा घेऊन तयारच होता.

"उचल ती खुर्ची आणि चालता हो," दादानं त्याला सांगितलं. तो बिचारा धाकट्याकडे बघत बाहेर सटकला.

"दादा, तमाशा नको. बस."

"का लपवलंस? बाई सांगत होत्या चालवा, आणि तू मला बांधून ठेवलंस. मी काय मेलो होतो? माझ्या जिवाचा मालक तू कधीपासून झालास?"

"तुला काय माहितीये?" धाकट्याचा आवाज एकदम फाटला. "त्या दिवशी जिन्यात तू वर होतास. मधे कपाट. तू बोलायचा थांबलास आणि अख्खं वजन माझ्यावर आलं. तू पडल्याचा आवाज आला. कपाट सोडावं तर मी खाली चिरडला जातोय, धरून ठेवावं तर तुझ्यापर्यंत येता येईना. हाका मारत होतो. तू बोलत नव्हतास. लोक येईपर्यंत तसाच उभा होतो मी, तू मेलास असं समजून. आणि आता मला म्हणतोस, जिना चढू दे."

दादाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आठवत होती ती फक्त छातीतली कळ. त्याचा राग गेला नाही, पण त्या रागाला जरा जागा बदलावी लागली.

"मग ऐक," तो कठडा धरत म्हणाला. "तू खाली राहा. मी वर चढतो. बोलत राहतो. बाईंनीही तेच सांगितलंय."

आणि तो चढला. चढताना त्यानं धाकट्याचा असा उद्धार केला की दारं उघडून लोक बघायला लागले. गाढवा, पहिली पायरी. मला बांधतोस. दुसरी. तुझ्या वहिनीलाही सामील करून घेतलंस. कठडा डावीकडे. ती गोदामाची खोली तुझ्या नव्या जोडीदाराला दे, तिथे बसून बोलायला शिकेल. वळण. धाकटा मागून दोन्ही हात उचलून एकेक पायरी चढत होता आणि प्रत्येक शिवीला मान डोलावत होता.

दुसऱ्या मजल्यावर दादा गप्प झाला.

"दादा?" धाकट्याचे तळहात त्याच्या पाठीला टेकले. "दादा, बोल ना रे."

"थांबलोय," दादा दम खात म्हणाला. "बोलणं तुटलं की थांबायचं. तुला बाईंचं एकही वाक्य लक्षात राहत नाही का, मूर्खा?"

धाकट्यानं त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि तसाच राहिला. दादानं त्याला राहू दिलं. मग दोघं पुढे निघाले, शिव्यांसकट.

वर बायको दारातच उभी होती. इतका वेळ तिनं सगळं ऐकलं होतं. दादा उंबऱ्यात आला तशी ती सवयीनं म्हणाली, "बसा आता जरा."

"वहिनी," धाकटा खालच्या पायरीवरून केवढ्यानं तरी ओरडला, "त्याला बसायला सांगू नका."

दादानं वळून त्याच्याकडे बघितलं. मग सावकाश आत गेला, खिडकीजवळची खुर्ची आपल्या हातानं ओढून घेतली आणि दमला होता म्हणून बसला.