मायक्रोवेव्हचा पाचवा नियम

आमच्या घरात मायक्रोवेव्ह कसा वापरावा याचे चार नियम मी लिहिले, आणि एका रविवारी दुपारच्या चहाच्या आत ते चारही मीच मोडले.

गोष्ट डोंबिवलीतली, नव्वदच्या दशकातली. माझा मेहुणा मस्कतला होता. सुट्टीवर येताना त्याने बहिणीवरच्या प्रेमापोटी (आणि तिच्या नवऱ्याच्या पगारावरच्या अविश्वासापोटी) तो मायक्रोवेव्ह आणला. आमच्या बिल्डिंगमधला पहिलाच. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, समोर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्याच डोक्यावर ठेवला. मी मात्र माहितीपुस्तक तीनदा वाचलं आणि एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ते फ्रिजच्या वर टांगलं:

१. आत धातूचे भांडे ठेवू नये.
२. रिकामा चालवू नये.
३. वरच्या जाळ्या झाकू नयेत.
४. स्क्रू खोलू नयेत.

तिसऱ्या नियमामुळे घरात दोन दिवस अबोला होता, कारण बायकोने, म्हणजे सुधाने, त्याच्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं होतं.

"टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, याच्याच अंगाला काय होतं?" ती म्हणाली.

"हवा लागते त्याला. गरम होऊन जळेल."

"तुम्हाला बरं सगळं कळतं."

आईची अट वेगळीच होती. "मुकुंदा, या पेटीत बाहेरचं काही जायचं नाही. माझ्या स्वयंपाकघरात कधी मासळी शिरली नाही, या पेटीतही शिरणार नाही."

"अगं आई, आपल्याकडे खातंय कोण?" मी म्हणालो.

खात होतो मी. बँकेच्या ठाण्यातल्या खोपट शाखेत माझ्या शेजारच्या टेबलावर नाखवा बसायचा. तिथल्याच कोळीवाड्यातला. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने डबा पुढे सरकवला, "चव तर बघा," म्हणाला, आणि त्यानंतर अठरा वर्षं माझ्या डब्यातली भेंडी तो खात होता आणि त्याच्या डब्यातलं मी. आईला कळलं तर ती ओरडली नसती. ओरडली असती तर परवडलं असतं. तिने माझं ताट निमूट वेगळं मांडलं असतं आणि पुन्हा कधी स्वतःच्या हाताने मला वरणभात वाढला नसता. मला त्याचीच भीती वाटायची, चाळिशी उलटली तरी.

त्या रविवारी आई आणि सुधा शहाडला मावशीकडे बारशाला गेल्या. संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या. मी नाखवाला बोलावलं होतं ते फक्त मायक्रोवेव्ह दाखवायला. तो आला तो हातात भला मोठा स्टीलचा डबा घेऊन.

"आयेने दिलंय. बोंबलाचं कालवण हाय. ठाण्याहून येता येता थंड झालं. गरम करून खाऊ."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि कपाळाला घाम. आईच्या गॅसवर आईच्या पातेल्यात बोंबील? हात धजेना. मग माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला.

"मायक्रोवेव्हमध्ये करू. जाळ नाही, फोडणी नाही, धूर नाही. मग वास येणार कुठून?"

"तुम्ही शिकलेले," नाखवा म्हणाला.

कालवण मी काचेच्या भांड्यात ओतलं. पहिला नियम पाठ होता ना! भांडं आत ठेवलं. आणि मग जन्मभराच्या सवयीने हात रॅककडे गेला आणि मी त्यावर स्टीलची ताटली झाकली. उघडं अन्न ठेवायचं नाही हे आईने लहानपणापासून इतकं घोटून घेतलं होतं की ताटलीही धातूची असते हे मनात आलंच नाही.

बटण फिरवलं आणि आत कडाडकन वीज चमकली. निळी, पिवळी, परत निळी.

"साहेब, दिवाळी लागली आत," नाखवा मागे सरकत म्हणाला.

मी प्लग उपटला. दोन मिनिटं देवाचं नाव घेतलं, ताटली काढली, भांडं उघडंच ठेवलं आणि दहा मिनिटं लावली. (गॅसवर दहा मिनिटं लागतात, म्हणून दहा. पुस्तकात दोन लिहिलं होतं.) मग आम्ही गॅलरीत गप्पा मारत उभे राहिलो. आतून फट्, फट् आवाज येत होते. नाखवा म्हणाला, खाली पोरं लवंगी वाजवतायत. मलाही तसंच वाटलं.

दार उघडलं तेव्हा भांड्यात कालवण जवळजवळ नव्हतं. ते छताला होतं, भिंतींना होतं, दाराच्या काचेला होतं. आणि वास! तो ओट्यावरून देवघराकडे निघाला होता.

"लिंबू," मी म्हणालो. पुस्तकात होतं, वाटीभर पाण्यात लिंबू पिळून गरम करावं, मग ओल्या फडक्याने पुसावं. तसं केलं. उपाय अचूक होता, फक्त माशावर लिंबू पिळल्यावर काय होतं हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

"आता तर जास्तच भूक लागली," नाखवा म्हणाला.

मग मी आत उदबत्त्या लावून दार बंद केलं. पाच मिनिटांनी उघडलं तर देवळात कोणी सुकट वाळत टाकावी तसा वास आला. मग वाटलं, रिकामाच चालवला तर आतला पंखा वास बाहेर फेकेल. चालवला. दुसरा नियम गेला. तो घरघरला, तापला, आणि त्याने फेकलेला वास हॉलपर्यंत पोचला.

"वास मागच्या पत्र्यात अडकलाय," असं म्हणून मी पेचकस आणला आणि पहिला स्क्रू काढला. नाखवाने माझा हात धरला.

"साहेब, वास काढायला जाल नि जीव जाईल. सोडा ते."

तेवढ्यात जिन्यात आईचा आवाज आला. बारशातल्या बाळाला ताप आला म्हणून कार्यक्रम लवकर आटोपला होता. मी स्क्रू खिशात टाकला, सुधाचं क्रोशाचं कव्हर कपाटातून ओढून त्या गरम मायक्रोवेव्हवर घातलं आणि दारात जाऊन हसत उभा राहिलो.

सुधाला कव्हर दिसलं. "अगंबाई, घातलंत?" ती खूश झाली. पुढच्याच क्षणी तिने नाकाला पदर लावला.

आई सरळ आत गेली, कव्हर काढून त्याची घडी घातली, दार उघडून आत पाहिलं. मग पुठ्ठ्यावरचे चारही नियम मोठ्याने वाचले. चौथ्या नियमाला तिने माझ्या हाताकडे पाहिलं. पेचकस अजून हातातच होता.

"बोंबील का रे?"

"आई, मी... तुला कसं..."

"अठरा वर्षं बँकेतून येतोस आणि चहाच्या आधी दात घासतोस. संध्याकाळी सहाला. इतकं निर्मळ तोंड जगात कुणाचं असतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतास तोवर तुला माझा धाक आहे असं वाटायचं. बरं वाटायचं मला."

मला एकदम भरून आलं. तेवढ्यात ती नाखवाकडे वळली. "तुमच्या आईला सांगा, पुढच्या वेळी गरमच पाठवा. हा गॅलरीत बसून खाईल. ताट गॅलरीतच राहील, पण भात मी वाढीन."

नाखवा वाकून तिच्या पाया पडला. मी फडकं घेऊन पेटी पुसायला बसलो. तीन दिवस पुसत होतो.

चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर आईच्या अक्षरात पाचवा नियम दिसला: "मुकुंदाने हात लावू नये." तेवढा एकच नियम आमच्या घरात आजतागायत कोणी मोडलेला नाही, चहा थंड झाला तर मी अजूनही सुधाला हाक मारतो.